लाइट जाऊन आली की स्मार्ट घर उठतच नाही: कंट्रोलर बदलायच्या आधी काय तपासावं

तक्रार साधारण अशी असते. दुपारी दोन सेकंद लाइट गेली आणि आली. पंखासुद्धा पुरता थांबला नाही. पण संध्याकाळी घरी येऊन बघावं तर ॲपमध्ये अर्धी उपकरणं ‘ऑफलाइन’, हॉलचा दिवा सातला लागायचा तो लागलेला नाही आणि गीझर मात्र कोणी न सांगता चालू. मग राउटर बंद-चालू, कंट्रोलर (सगळ्या उपकरणांना हुकूम देणारा घरातला छोटा संगणक) बंद-चालू, आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला माणूस वैतागून विचारतो, “हे रास्पबेरी-बिस्पबेरी बास झालं, चांगला कंट्रोलर कोणता घेऊ तेवढं सांगा.”

सांगतो. पण मी बघितलेल्या बहुतेक घरांत मुळात दोष कंट्रोलरचा नव्हता. आणि जिथे होता, तिथेही तो किती ब्रँड ओळखतो किंवा त्याचा डॅशबोर्ड किती देखणा आहे याच्याशी त्याचा संबंध नव्हता. मुंबईत कंट्रोलर निवडताना आधी एकच गोष्ट बघायची: लाइट जाऊन आल्यावर तो कोणाच्या मदतीशिवाय उभा राहतो का, आणि तो उभा राहीपर्यंत घर चालतं का.

मुंबईचं नाव मुद्दाम घेतलं. ज्या गावांत रोज तासभर लाइट जाते तिथे घरोघरी इन्व्हर्टर असतो, त्यामुळे राउटरला कळतही नाही. आपल्याकडे बेस्ट असो, अदानी असो, टाटा असो, तासन्‌तास अंधार इतका दुर्मीळ की १२ ऑक्टोबर २०२०ची सकाळ लोकांना अजून आठवते. त्या दिवशी लोकलसुद्धा जागच्या जागी उभ्या राहिल्या होत्या. म्हणून इन्व्हर्टर कोणी घेत नाही. पण पावसाळ्यात क्षणभर लाइट मिचकावते, सोसायटीचा वायरमन मीटर रूममध्ये काहीतरी करतो, टॉवरमध्ये जनरेटरवर जाता-येता काही सेकंदांची फट पडते. ट्यूबलाइटला याचं काही वाटत नाही. रास्पबेरी पायसारख्या पाच व्होल्टवर चालणाऱ्या चिमुकल्या संगणकाला वाटतं.

आधी दोषी कोण ते ठरवा

सगळं सुरळीत चालू असताना राउटरच्या मागची इंटरनेटची केबल काढा. राउटर बंद करायचा नाही. वायफाय चालू राहू दे, फक्त बाहेरचं जग तोडायचं. फायबरचा डबा आणि राउटर एकाच खोक्यात असेल तर फायबरची वायर ओढत बसू नका, ती नाजूक असते. राउटरच्या सेटिंगमधून इंटरनेट बंद करा. आता घरातलं एकेक उपकरण चालवून बघा.

जे चालत नाही ते कंपनीच्या सर्व्हरवर जगतंय. त्यासाठी कितीही महागडा कंट्रोलर आणलात तरी बटण दाबल्यावर हुकूम आधी परदेशी जाणार आणि मग तुमच्या बेडरूममध्ये येणार. अशा वस्तूंचं भवितव्यही कंपनीच्या हातात असतं. इन्स्टिऑन नावाच्या जुन्या अमेरिकन कंपनीने एप्रिल २०२२ मध्ये ग्राहकांना काही न सांगता सर्व्हर बंद केले. भिंतीवरची बटणं चालत राहिली, पण ॲप निकामी झालं. पुढे त्या कंपनीच्या ग्राहकांपैकीच काहींनी ती विकत घेतली आणि गाडी रुळावर आली, पण दर वेळी असं नशीब नसतं.

जे चालतं ते स्थानिक आहे. त्याचा त्रास फक्त लाइट गेल्यावरच होत असेल तर पुढे वाचा.

लाइट आल्यानंतरची पहिली पाच मिनिटं

सगळा घोळ इथे होतो. लाइट आली की स्मार्ट बल्ब आणि स्विच काही सेकंदांत जागे होतात आणि वायफाय शोधायला लागतात. वायफाय अजून नसतंच, कारण राउटरला उठायला दोन-तीन मिनिटं लागतात. फायबरचा डबा वेगळा असेल तर तो आपल्या गतीने उठतो. कंट्रोलर मधेच कधीतरी तयार होतो, उपकरणं हाक मारून बघतो, उत्तर येत नाही, आणि ‘अनुपलब्ध’ असा शिक्का मारून मोकळा होतो. काही उपकरणं नंतर आपणहून जोडली जातात. काही ठरावीक प्रयत्नांनंतर गप्प बसतात, ती पुन्हा लाइट घालवल्याशिवाय उठत नाहीत.

त्यात राउटरने या वेळी आयपी पत्ते, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचे उपकरणांचे क्रमांक, वेगळे वाटले तर आणखी मजा. काल ज्या पत्त्यावर किचनचा स्विच होता तिथे आज तुमचा टीव्ही बसलेला असतो. राउटरच्या सेटिंगमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन नावाचा पर्याय असतो. तिथे कंट्रोलर आणि प्रत्येक स्विचचा पत्ता कायमचा बांधून टाका. फुकटचं काम आहे, अर्ध्या तासाचं आहे, आणि मला भेटलेल्या निम्म्या तक्रारी एवढ्यावर मिटतात.

घड्याळाचंही बघा. रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. लाइट गेल्यावर ते मागे राहतं आणि इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत मागेच चालतं. नेट यायला उशीर झाला तर सातचा दिवा सातला का लागला नाही याचं उत्तर तिथे सापडतं. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची छोटी बॅटरी वेगळी घेऊन लावावी लागते. ती कोणी लावत नाही.

यावरचा खरा इलाज म्हणजे राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस. दोन सेकंदांची फट असो की वीस मिनिटांची, राउटर आणि कंट्रोलर झोपलेच नाहीत तर उठवायचा प्रश्न येत नाही. घेताना दोन गोष्टी तपासा. राउटरचा अडॅप्टर १२ व्होल्टचा आहे की ९चा, ते त्याच्यावरच छापलेलं असतं. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्याचाही बघा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या यूपीएसवर एक यूएसबी पोर्ट असतो आणि ‘याच्यावर तुमचा पायसुद्धा चालेल’ असं दुकानदार छातीठोकपणे सांगतो. पाय ४ला ५.१ व्होल्टला ३ अँपिअर लागतात, पाय ५ला ५ अँपिअर. त्या पोर्टवर बहुतेकदा २ अँपिअरच मिळतात. पाय सुरू होईल, आठवडाभर चालेलही, पण एसएसडी (मेमरी कार्डाऐवजी वापरायची डिस्क) किंवा डोंगल (बिनतारी उपकरणांशी बोलणारा यूएसबीचा तुकडा) जोडला की व्होल्टेज खाली बसेल. ते साधारण ४.६३च्या खाली गेलं की पाय स्वतःच तक्रार नोंदवतो. होम असिस्टंट या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये वीजपुरवठा तपासणारी सोय आहे, तिथे ती दिसते. हाच झटका मोबाइलच्या जुन्या चार्जरवर पाय चालवणाऱ्यांनाही बसतो. लांब, बारीक यूएसबी केबल हा त्याच रोगाचा दुसरा प्रकार.

कार्ड मरतं, आणि बोल कंट्रोलरला बसतो

पाय वर्षभर छान चालला आणि एके दिवशी लाइट आल्यावर उठलाच नाही, तर आधी मेमरी कार्डावर संशय घ्या. होम असिस्टंट घरातल्या प्रत्येक बदलाची नोंद डेटाबेसमध्ये करतो आणि नेहमीच्या सेटिंगला दहा दिवसांची नोंद सांभाळतो. एक वीज मोजणारा प्लग दर काही सेकंदांनी आकडा पाठवत असेल तर कार्डावर अहोरात्र लिहिणं चालू असतं. फोटो साठवायला बनवलेलं कार्ड या कामाने झिजतं, आणि नेमकं लिहिता लिहिता लाइट गेली तर फाइल अर्धवट राहते.

दोन उपाय. नको त्या सेन्सरांची नोंद बंद करा. वॉशिंग मशीनने मंगळवारी दुपारी किती वॅट खाल्ले हे कोणी बघत नाही. आणि कार्ड सोडून एसएसडीवर या. बॅकअप त्याच कार्डावर ठेवून उपयोग नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो. होम असिस्टंटमध्ये आता आपोआप बॅकअपची सोय आहे. तो बाहेर कुठेतरी जाऊ दे. बॅकअप कुलूपबंद असतो, त्याची किल्ली त्याच मशीनमध्ये ठेवलीत तर बॅकअप असून नसल्यासारखा.

भरभर लुकलुकणारा बल्ब आणि आपोआप तापणारा गीझर

जुलैतल्या संध्याकाळी लाइट एकदाच जात नाही. जाते, येते, जाते, येते, आणि मग स्थिरावते. त्यानंतर एखादा बल्ब भरभर लुकलुकत बसला असेल तर तो बिघडलेला नाही. बऱ्याच स्वस्त वायफाय बल्बांत तीन वेळा पटापट बंद-चालू केलं की नव्याने जोडणीची अवस्था येते. तुम्ही केलं काय नि महावितरणने केलं काय, बल्बला फरक कळत नाही. तास्मोटा (स्विचच्या आत टाकायचं मुक्त सॉफ्टवेअर) टाकलेल्या स्विचमध्येही अशी सोय आहे: दहा सेकंदांपेक्षा कमी अंतराने सहा वेळा लाइट गेली आणि सातव्यांदा टिकली की तो आपल्या सेटिंग्ज पुसून टाकतो. त्याच्या कन्सोलमध्ये सेटऑप्शन६५ ला १ दिलं की ही खोड बंद होते. नवीन स्विच बसवला की वायरमन शिडीवरून उतरायच्या आत हे करून टाकायचं.

गीझरचा मामला यापेक्षा गंभीर. लाइट आल्यावर स्विचने काय करायचं हे ठरवणारं सेटिंग प्रत्येक बऱ्या उपकरणात असतं: बंद राहा, चालू हो, किंवा आधी होतास तसा हो. तास्मोटात त्याला पॉवरऑनस्टेट म्हणतात आणि मुळात ते ‘आधी होतास तसा’वर असतं. म्हणजे सकाळी गीझर चालू असताना लाइट गेली, तुम्ही तशीच अंघोळ आटपून ऑफिसला गेलात, दुपारी लाइट आली की गीझर पुन्हा सुरू. गीझरसाठी ते शून्यावर, म्हणजे ‘बंद राहा’वर ठेवा.

आणि गीझर बंद करायचा नियम कंट्रोलरवर ठेवू नका. वीस मिनिटांनी बंद हे स्विचच्या पोटातच लिहा. तास्मोटात त्याला पल्सटाइम आहे; सेकंदांत हवं असेल तर त्यात १०० मिळवून द्यायचे, म्हणजे २० मिनिटांच्या १२०० सेकंदांसाठी १३००. मधल्या वीस मिनिटांत कंट्रोलर मेला तरी गीझर आपला आपण बंद होईल. माझं मत इतकं ठाम आहे की ज्या कंट्रोलरवर किंवा उपकरणावर हे करता येत नाही, ते मी गीझरच्या आसपास फिरकू देत नाही.

रिलेचा, म्हणजे स्विचच्या आत वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागाचा, आकडाही बघून घ्या. ३ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टला १३ अँपिअर ओढतो. १० अँपिअरचा स्वस्त स्विच त्यावर लावला तर तो चालतो, आणि हेच धोक्याचं. आतल्या आत तापत राहतो. किमान १६ अँपिअरचा घ्या, किंवा डीबीत (घराच्या मेन स्विचच्या पेटीत) कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त भार झेलणारा स्विच, बसवून घ्या. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं आहे, यूट्यूबवरच्या व्हिडिओचं नाही.

झिगबीवाल्यांसाठी

झिगबी, म्हणजे वायफायऐवजी उपकरणं जोडणारी दुसरी बिनतारी पद्धत, वापरत असाल तर वायफायचे बरेच त्रास नाहीत, पण त्याचे स्वतःचे आहेत. झिगबी आणि वायफाय दोघंही २.४ गिगाहर्ट्झवर. आपल्या इमारतीत फोनवर वायफायची यादी उघडा, खाली सरकवत जावं लागतं इतकी शेजाऱ्यांची नावं दिसतात. लाइट आल्यावर त्या सगळ्यांचे राउटर एकदम उठतात आणि आपापला चॅनल नव्याने निवडतात. काल मोकळा असलेला तुमचा चॅनल आज गजबजलेला असतो, म्हणून ‘काही बदललं नाही तरी बंद पडलं’ असं वाटतं. झिगबीचे चॅनल ११ ते २६. वायफाय १, ६, ११ वर असेल तर मधल्या फटी १५, २० आणि २५च्या आसपास सापडतात. मी बहुतेक घरांत २५ ठेवतो. चॅनल बदलला की काही उपकरणं पुन्हा जोडावी लागतात, म्हणून हे सुरुवातीलाच ठरवलेलं बरं.

डोंगल थेट कंट्रोलरच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये खुपसला असेल तर तो काढा. यूएसबी ३ मधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो. हे इंटेलने २०१२ मध्येच कागदावर मांडलंय. मीटरभर एक्स्टेंशन केबल लावून डोंगल लांब न्या आणि यूएसबी २ पोर्ट वापरा. एवढ्याशा केबलीने ‘बाल्कनीतला सेन्सर मिळतच नाही’ या तक्रारी मिटलेल्या मी पाहिल्यात.

आणि झिगबी बल्ब भिंतीच्या बटणाने बंद करू नका. वीज मिळणारी उपकरणं बॅटरीवरच्या सेन्सरांचे निरोप पुढे पोचवतात. मधला बल्ब बंद केला की त्याच्या पलीकडचं सगळं तुटतं. सासूबाईंना हे समजावण्यापेक्षा त्या जागी बल्बऐवजी बटणामागे बसणारं मॉड्यूल लावणं सोपं. त्यात बटण बटणासारखं चालतं आणि कोणाला काही शिकवावं लागत नाही. मॉड्यूलला न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची वायर, लागतो. ज्या बोर्डावर प्लग पॉइंट आहे तिथे न्यूट्रल आलेला असतोच. गिरगाव-परळच्या जुन्या इमारतींत नुसत्या बटणांच्या बोर्डात मात्र फेज येते आणि दिव्याकडे जाते, न्यूट्रल वरच्या वर छतातून गेलेला असतो. विनान्यूट्रल मॉड्यूल मिळतात, पण त्यावर छोटा एलईडी बंद असतानाही मिणमिणत राहू शकतो. मग दिव्याच्या दोन टोकांत कपॅसिटर लावावा लागतो.

तर मग कोणता घ्यायचा

वरचं सगळं करूनही कंट्रोलरच अडतोय असं दिसलं तर.

होम असिस्टंट हा माझा पहिला पर्याय. पाउलस शाउट्सन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प २०२४ पासून ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे. सगळं घरातच चालतं, आणि अडलं तर उत्तर शोधायला माणसं सापडतात. वैगुण्य एकच: दर महिन्याला नवीन आवृत्ती येते आणि अधूनमधून जुनं काहीतरी मोडतं. गणपतीला गावी निघायच्या आदल्या रात्री अपडेटचं बटण दाबू नये. कपाटात पडलेल्या फार जुन्या पायवर बसवायचा विचार असेल तर सोडा. ३२-बिट मशीनचा पाठिंबा त्यांनी २०२५ मध्ये काढून घेतला.

ओपनहॅबही २०१० पासूनचं, जावावर चालणारं, खणखणीत आहे; पण नवख्याला त्यात पाय रोवायला वेळ लागतो. डोमोटिक्झ हलकं आहे, जुन्या मशीनवर धावतं, फक्त दिवे-पंखे-पंप एवढंच करायचं असेल तर पुरतं. हुबिटॅट हा तयार डबा आहे, स्थानिक चालतो, लाइट आल्यावर शहाण्यासारखा उठतो. अमेरिकेतला भाचा येताना घेऊन आला असेल तर एक बघा: त्यातला झिगबी इथे चालेल, पण झेड-वेव्ह या तशाच दुसऱ्या बिनतारी पद्धतीची लहर देशागणिक वेगळी असते. अमेरिकेत ती ९०८ मेगाहर्ट्झच्या घरात, भारतात ८६५च्या. इथली उपकरणं तिथल्या लहरीवर बोलत नाहीत.

मशीन कोणतं, हा प्रश्न सॉफ्टवेअरपेक्षा जास्त महत्त्वाचा. टू-बीएचकेसाठी मी हल्ली लॅमिंग्टन रोडवर मिळणारा, ऑफिसातून निवृत्त झालेला मिनी पीसी सुचवतो. एसएसडी असते, घड्याळ असतं, वीजपुरवठा दमदार असतो. साधारण १० वॅट खाल्ले तर महिन्याला सव्वासात युनिट होतात, पायच्या जवळपास दुप्पट, पण ते सोसतं. घेताना दुकानातच बायोस (मशीनची मूळ सेटिंग्ज) उघडायला लावा आणि ‘वीज परत आल्यावर काय’ या सेटिंगला ‘चालू’ करा. मुळात ते बऱ्याचदा ‘बंद राहा’वर असतं, आणि मग लाइट आल्यावर मशीन कोणीतरी बटण दाबायची वाट बघत बसतं. दुसरं, आतला नाण्याएवढा सीआर२०३२ सेल बदलून घ्या. तो संपलेला असला की बऱ्याच मशीनमध्ये हे सेटिंग आणि घड्याळ दोन्ही पुसलं जातं, आणि तुम्ही पुन्हा जिथे होतात तिथे.

जुना लॅपटॉप वापरावा का, हेही विचारतात. बॅटरी आतच असल्यामुळे यूपीएस फुकट, ही गोष्ट खरी. पण वर्षानुवर्षं चार्जिंगला लावून बंद टीव्ही युनिटमध्ये ठेवलेली बॅटरी फुगते. ठेवायचाच तर डोळ्यांसमोर, हवेशीर जागी, आणि कीबोर्ड वर उचलला गेलेला दिसला की त्याच दिवशी बाहेर.

नवा कंट्रोलर बसवला की घरच्यांना सांगून, कोणी अंघोळीला गेलेलं नाही आणि कॉम्प्युटरवर कोणाचं काम चालू नाही हे बघून, मेन स्विच दहा सेकंद बंद करा आणि चालू करा. दहा मिनिटं कशालाही हात लावू नका. कंट्रोलर उठला का, त्याचा पत्ता तोच आहे का, वेळ बरोबर आहे का, गीझर बंद आहे का, कुठला बल्ब लुकलुकतोय का, हे त्या क्रमाने बघा. मग हेच इंटरनेट बंद ठेवून पुन्हा करा. जे पहिल्या फेरीत उठलं आणि दुसऱ्या फेरीत नाही, ते उपकरण दुकानदाराकडे परत न्यायची मुदत संपायच्या आत परत न्या.